शर्यतीच्या सायकलवरचा भोंगा

त्याच्या शर्यतीच्या सायकलला भोंगा होता. पाववाल्यांचा असतो तसला, काळा रबरी फुगा आणि पितळी तोंड. बाकी सायकल अशी की दोन बोटांवर उचलावी, आणि तिच्या मुठीशी हे धूड बांधलेलं. हा माणूस वजन वाचवायला मुठीवरची पट्टी उसवून नव्याने गुंडाळायचा, चढ लागायच्या आधी बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतून द्यायचा, शर्यतीच्या आदल्या दिवशी नखं कापायचा. पण भोंगा काढ म्हटलं की म्हणायचा, "तो वजनात नाही धरायचा. भोंग्याशिवाय चढ मला ओळखत नाहीत."

तो दाभोळच्या खाडीकाठच्या एका गावचा. शाळेत असताना सकाळी बेकरीतून पाव घेऊन तो खाडीपासून खिंडीपर्यंत वाड्यावाड्यांवर पोचवायचा. सायकल बापाची, पाटी बेकरीवाल्याची आणि हा भोंगा तेवढा त्याचा स्वतःचा. पुढे तालुक्यात पहिला आला, जिल्ह्यात आला, देशात आला, आणि एक दिवस बेल्जियममधल्या एका लहानशा व्यावसायिक संघाने त्याला करारावर घेतलं. आमच्याकडून असं कोणी कधी गेलं नव्हतं. आमच्याकडची माणसं बोटीवर जातात, आखातात जातात, मुंबईला तर जातातच. सायकल चालवायला परदेशी गेलेला हा पहिला. तरी गावात त्याला सगळे 'पाववाला'च म्हणत. बेल्जियमहून आला तरी, "पाववाला इलाय का रं?"

हिवाळ्यात तिकडच्या शर्यती थांबल्या की तो रत्नागिरीत यायचा आणि आमच्या छापखान्याच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. छापखाना माझ्या बाबांचा. लग्नपत्रिका पोटासाठी छापायच्या आणि पत्रकं स्वतःसाठी, अशी त्यांची रीत. मी अक्षरं शिकले ती या पत्रकांवर. वाळूउपशाविरुद्ध, दारूच्या परवान्याविरुद्ध, भगताच्या अंगाऱ्याविरुद्ध. बाबांचा एक नियम होता. पत्रकात 'कदाचित' हा शब्द येता कामा नये. ज्याला कदाचित वाटतं त्याने घरी बसावं, शाई वाया घालवू नये.

मी त्याला दादा म्हणायचे. तो मला म्हणायचा 'पत्रकबाई'.

"काय गो पत्रकबाई, आज कुणाला उघडं पाडलंस?"

मी सांगायचे. तो सायकलची साखळी पुसत ऐकून घ्यायचा आणि शेवटी प्रत्येक माणसाबद्दल त्याचा एकच निकाल असायचा. "त्याला निवळीच्या घाटात सायकलवर बसव. अर्धा घाट झाला की विचार, खरं काय ते. चढावर माणसाला खोटं बोलायला दम उरत नाही."

मंत्री असो, ठेकेदार असो, आमच्या गल्लीत पाणी सोडणारा असो, सगळ्यांना निवळीच्या घाटात न्यायची शिक्षा. मला हे फार आवडायचं. माझ्या वहीत मी ते वाक्य लिहून ठेवलं होतं, कुठल्या तरी पत्रकाला मथळा म्हणून वापरू असं ठरवून.

या माणसाइतका आळशी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पहाटे निघून आरे-वारेचे चढ पुन्हा पुन्हा चढून उतरून येणारा, हातखंब्यापर्यंत वाऱ्यासारखा जाऊन येणारा हा माणूस कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत जायचा नाही. रिक्षा करायचा. रिक्षावाले हसायचे. "शेठ, थुंकलं तर पोचेल इतकं अंतर आहे." तर हा म्हणायचा, "पाय दुसऱ्याच्या मालकीचे आहेत. करारात लिहिलंय." पाण्याची बादली वर न्यायला त्याने खिडकीतून दोर सोडला होता. खालून मी बादली बांधायची, वरून तो ओढायचा. एकदा बाबांनी बादलीत पाण्याऐवजी पत्रकांचा गठ्ठा बांधून पाठवला. तो वरून ओरडला, "काका, हे पिऊन ताकद येत असती तर तुमचा पक्ष निवडून आला असता!" बाबांचा कुठलाच पक्ष नव्हता, तरी ते आठवडाभर ते वाक्य सांगून हसत होते.

लग्नाकार्याला गेला तर उकडलेला भात स्वतःच्या डब्यात घेऊन जायचा. यजमानीण रागावली की तिच्या पाया पडायचा, पण श्रीखंडाला बोट लावायचा नाही. कोणी शिंकलं की पंगत सोडून उठायचा. आणि त्याचे पाय! सायकलवाले पायांवरचे केस काढतात, हे आम्हाला कुठून माहीत असणार? पहिल्यांदा तो अर्ध्या चड्डीत मिरकरवाड्याला बर्फ आणायला गेला, तेव्हा तिथल्या मासे विकणाऱ्या एका मावशीने कोयती हातात तशीच धरून त्याला खालपासून वर न्याहाळलं.

"काय रं मेल्या, आवशीनं पाय सोललंन काय तुझं?"

"मीच सोलले, मावशी."

"माझ्याकडं आणायचं नायस? सुरमईबरोबर करून दिलं असतं. आतडी पण काढली असती."

बंदरावर हशा पिकला. तेव्हापासून त्या मावशीकडून तो रोज बर्फ आणायचा. फोडलेल्या लादीतली दोन-चार ढेकळं, थर्मासात बसतील एवढी. थर्मास निळा होता, जुना, वरच्या झाकणाला भेग गेलेला. त्यात काय आहे असं कोणी विचारलं की म्हणायचा, "सायकलला ताप येतो अधूनमधून, तिच्या कपाळावर ठेवायला." आम्हाला वाटायचं, गुडघे शेकायला असेल. त्या थर्मासातलं कोणाला तो काही द्यायचा नाही आणि त्याला कोणी हात लावलेला खपायचा नाही. एकदा मी कोकम सरबतात टाकायला त्यातला बर्फ मागितला, तर पहिल्यांदाच माझ्यावर खेकसला. मग स्वतः रिक्षाने जाऊन माझ्यासाठी वेगळा बर्फ घेऊन आला. विक्षिप्त माणूस आहे, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. विक्षिप्त माणसाला केवढी सवलत असते! त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही.

दुपारी वरची खोली पत्र्यामुळे तापायची, म्हणून तो थर्मास खाली आणून छापखान्यातल्या कागद कापायच्या टेबलाखाली ठेवायचा. पत्रकांच्या गठ्ठ्यांशेजारी.

बेल्जियमबद्दल तो फार बोलायचा नाही. बोलला तर रस्त्यांबद्दल. तिथे दगड बसवलेले जुने रस्ते आहेत आणि त्यांवरून शर्यत नेतात. "आपल्या जांभ्याच्या पाखाडीवरून सायकल घालायची, वर पाऊस, बाजूला शंभर माणसं कोपरं मारतायत," असं तो सांगायचा. संघवाल्यांनी पहिल्याच दिवशी भोंगा काढून ठेवला. त्याने तो पाठीवरच्या खिशात घालून अख्खी शर्यत काढली. पण एक गोष्ट तो सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा बदलायचा. शर्यतीच्या सगळ्यांत मागून एक गाडी येते. जे मागे पडले, ज्यांच्याने पुढे होत नाही, त्यांना ती उचलून घेते.

"पहिल्या मोसमात मी त्या गाडीत इतक्या वेळा बसलो की ड्रायव्हर मला नावाने हाक मारायचा. बाहेर लोक टाळ्या वाजवतात ना, त्या गाडीलासुद्धा वाजवतात. दया म्हणून. काच वर करायला हात उचलत नाही."

"आणि दुसऱ्या मोसमात?"

"दुसऱ्या मोसमात नाही बसलो," तो म्हणाला, आणि उठून वर गेला. भराभर जिना चढून, चक्क.

दुसऱ्या मोसमानंतर तो भारतात आला आणि राष्ट्रीय शर्यत जिंकला. घाटात त्याने सगळ्यांना असं मागे टाकलं की टीव्हीवरचा माणूस बोलायचा थांबला. रेषा ओलांडताना त्याने भोंगा वाजवला. गावात फलक लागला, माणसाच्या दुप्पट उंचीचा, त्यावर तो, सायकल आणि ते सोललेले पाय. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी लपवत नाही. ज्या जिल्ह्यातून माणसं फक्त निघून जातात, त्या जिल्ह्यातला एक जण निघून गेला आणि जिंकून परत आला होता.

आणि मग तपासणीचा निकाल आला. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं, बंदी असलेलं इंजेक्शन. माझ्या मोबाइलवर बातमी आली तेव्हा तो वर होता. मी धावत गेले. तो खाटेवर बसून भोंग्याचं पितळ चिंचेने घासत होता. मी मोबाइल पुढे केला. त्याने वाचलं आणि म्हणाला, "असं कसं झालं, मला काही कळत नाही गो."

एवढंच. याहून जास्त तो कधी खोटं बोलला नाही. उरलेलं सगळं आम्ही बोललो. गावाने ठरवलं, तपासणीच्या नमुन्याची बाटली बदलली. रिक्षावाल्यांनी ठरवलं, उत्तरेकडच्या लोकांचा डाव आहे. मी ठरवलं, मोठ्या संघांना पाववाला पोर नको होता. रात्रीत पत्रक लिहिलं. 'आमचा माणूस निर्दोष आहे' असा मथळा. त्यात कदाचित नव्हतं. बाबांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "पुरावा?" मी म्हणाले, "मी त्याला रोज बघते." बाबांनी मान हलवली आणि यंत्र सुरू केलं. एसटी स्टँडवर, कॉलेजात, बंदरावर पत्रकं गेली. मासेवाल्या मावशीने एक घेऊन टोपलीच्या कडेला चिकटवलं.

फाल्गुनात त्याच्या गावातून निरोप आला. शिमग्याला पालखी सहाणेवर बसली की त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं.

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली हाक. सहाण म्हणजे तो दगडी चौथरा, जिथे शिमग्यात देवाची पालखी येऊन बसते. गुरव एकेक मागणं मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक मागण्याला अख्खा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, तो नारळ हातात घेऊन पुढे उभा राहतो. मी अशा गोष्टींच्या विरुद्ध वाढलेली. बाबा तर देवळाच्या सावलीतही गेले नसते. पण मी पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून निघाले. इतकी माणसं पुन्हा एकत्र कधी सापडणार होती?

तो यायला तयार नव्हता. ताप आहे म्हणाला. त्याच्या आईने कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ताप न्हाय. लाजतोस कशाला? तू काय केलंयस?" ही बाई उंचीने माझ्या खांद्याइतकी. नवरा गेल्यावर तिने काजूच्या बिया फोडून पोर वाढवलं, हाताची कातडी टरफलांतल्या तेलकट डिकाने काळी झालेली. दोघंही पुढे चालत होती. तो सहाणेपर्यंत चालत गेला. रिक्षा तिथे नव्हतीच.

मुंबईहून चाकरमानी आले होते, ढोल वाजत होते. गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत. ढोल थांबले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी रयत तुझ्यापुढं हुबी हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्ये तुझं लेकरू परमुलखात गेलं, तुझ्या गावाचं नाव क्येलं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कुनी तरी त्याच्या वाईटावर टपला. निवळ रगतात त्याच्या इख घातलंन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज होता. त्याच्या आईचा. ती डोळे मिटून, मुठी आवळून, देवाला नव्हे तर जणू शत्रूलाच 'व्हय' ऐकवत होती. गुरव पुढचं बोलला.

"ज्या कुनी त्याच्या अंगात ती सुई टोचलीन, मग तो आपल्यातला असो वा परका, त्याला सोडू नको म्हाराजा! त्याचं हातपाय लुळं पडू देत, त्याच्या आवशीला त्याचं तोंड दिसू नको दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"न्हाय."

मला वाटलं मागून कोणी तरी बोललं. एका चाकरमान्याला हसू आलं, कोणाचा तरी ताल चुकला असं वाटून. गुरवही क्षणभर थांबून पुढचं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तो पुन्हा म्हणाला, नारळ छातीशी धरून, "न्हाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात 'न्हाय' म्हणायची जागाच नसते. शब्द तयार असतात, उत्तर तयार असतं. ढोलवाल्याची काठी हवेत राहिली.

"मधे तोडू नको, बाबू," गुरव हळूच म्हणाला. "जवळ आलंय आता."

"पुढचं बोलू नका, काका. ती सुई मीच टोचली. माझ्या हाताने. दुसऱ्या कुणी न्हाय."

"अरे काय बोलतोस?" त्याचा मुंबईचा चुलतभाऊ पुढे आला. "व्हिडिओ चालू आहे, गप बस!"

"असू दे चालू."

माझ्या पिशवीत पत्रकं होती. त्यांचं वजन मला एकदम जाणवलं. आणि त्याच क्षणी, कसं कोण जाणे, मला इतर काही आठवलं नाही, निळा थर्मास आठवला. झाकणाला भेग गेलेला. मी ओरडणार होते. कोणावर ते कळत नव्हतं.

सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो एकाच माणसाकडे. आईने डोळे उघडले होते. ती त्याच्याजवळ गेली नाही. रडली नाही. ती वळली आणि गुरवासमोर उभी राहिली.

"भावजी, मी व्हय बोलले."

गुरव खाली बघत होता.

"मी सगळ्यांच्या आधी बोलले. ते माघारी घेता येतं काय?"

"वैनी," गुरव म्हणाला, आणि त्याचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "देवापुढं बोललेलं माघारी घ्यायची रीत न्हाय. मला तरी म्हायत न्हाय."

परत येताना मी त्याच्या मागून चालत होते. रागाने माझे दात वाजत होते. भर उन्हात.

"थर्मासात काय असायचं?"

"तेच. कुप्या. गार ठेवाव्या लागतात."

"आमच्या टेबलाखाली?"

"तिथं गारवा असतो," तो म्हणाला.

इतक्या साधेपणाने त्याने हे सांगितलं की मला तो अपमानही वाटला नाही. धक्का असा असतो हे मला आधी माहीत नव्हतं. तो आरडाओरडा करून येत नाही. टेबल तेच असतं, त्याखालची फरशी तीच, फक्त तिथे काय होतं ते आपल्याला कळतं.

"तपास करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा बोलला नाहीस. वकिलाला बोलला नाहीस. मी तुझ्यासाठी दारोदार फिरले, मला बोलला नाहीस. आणि तिथे? देवापुढे? तुझा तरी विश्वास आहे का?"

"देवाचं माहीत नाही गो. तुम्ही सगळे मला वाचवत होता. वाचवणाऱ्यांना थांबवायला जीव होत नाही. पण आईचा आवाज ऐकलास? ती मला शाप देत होती, आणि तिला ठाऊक नव्हतं. दर शिमग्याला दिला असता तिने. माझ्यासाठी म्हणून, मलाच. तेवढं नाही झेपलं."

मी म्हणाले, इंजेक्शन पुरवणाऱ्याचं नाव सांग, मी छापते. संघात मालिश करणारा एक माणूस होता, त्याने पहिल्या मोसमाच्या शेवटी त्या मागून येणाऱ्या गाडीच्या दारात उभं राहून याला विचारलं होतं, यात बसायचा कंटाळा नाही का आला? त्याचं नाव दादाने मला सांगितलं, चौकशीतही सांगितलं. "छाप. पण सुई त्याने नाही टोचली, एवढं मात्र खाली लिही."

त्या माणसाचं काय झालं? काही नाही. तो अजून कुठल्या तरी संघाच्या हॉटेलात टेबल मांडून पोरांचे पाय दाबत असेल आणि थकलेल्यांना हळूच तोच प्रश्न विचारत असेल. बंदी पाववाल्यावर आली. पदक पाववाल्याचं गेलं, खेळाडूंच्या कोट्यातून मिळणार होती ती नोकरी पाववाल्याची गेली. मी हे त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. त्याने ज्यांना घाटात मागे टाकलं, त्यांतल्या एखाद्याने स्वतःच्याच रक्तावर तो घाट चढला असेल. त्या मुलाला टाळी मिळाली नाही, फलक मिळाला नाही, आणि आता कोणी द्यायला जाणारही नाही. या चोरीचा बळी कोण, ते मला कधी कळणार नाही, आणि म्हणून मी याला माफ करू शकत नाही. माफ करणारी मी कोण, असं म्हणणं सोपं आहे. पण फसलेल्यांत मीही आहे.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ यंत्राचे रूळ पुसत राहिले. मग दुसरं पत्रक छापलं. 'आधीच्या पत्रकातला मजकूर खोटा होता' एवढीच ओळ, खाली छापखान्याचं नाव. तेही एसटी स्टँडवर, कॉलेजात, बंदरावर वाटलं. मासेवाल्या मावशीने टोपलीवरचं जुनं खरवडलं नाही. नवं तिने वाचून घेतलं, घडी करून कमरेला खोचलं आणि म्हणाली, "बर्फ मी देत व्हते त्याला. माझा बर्फ."

गावाला त्याच्या इंजेक्शनाहून त्याच्या 'न्हाय'चा राग जास्त आला. "घरात सांगायचं होतं," असं अजून लोक म्हणतात. "पालखी बसलेली असताना?" फलक उतरवला गेला. तो कोणाच्या तरी लाकडांच्या ढिगावर उलटा घातलाय, पावसात लाकडं भिजू नयेत म्हणून. एका बाजूने ते पाय बाहेर दिसतात.

गेल्या थंडीत मी त्याच्या गावी गेले. जायचं नव्हतं, पण त्या बाजूला एका सभेला गेले होते आणि शेवटची एसटी चुकली. त्याच्या आईने काही विचारलं नाही, ताट मांडलं. तो आता पुन्हा पाव पोचवतो. जुनी जड सायकल, मागे पाटी, मुठीला तोच भोंगा. मला बघून म्हणाला, "काय गो पत्रकबाई," आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

सकाळी मी उठले तेव्हा तो निघून गेला होता. त्याची आई चुलीशी भाकऱ्या थापत होती. मला चहा दिला. खालून, खाडीच्या बाजूने भोंगा वाजला. तिचा हात थांबला. दुसऱ्या वळणावर वाजला, तसा हात पुन्हा चालू लागला. मग वरच्या वाडीत. प्रत्येक वळणाला तो वाजवत होता, जिथे घर नाही, गिऱ्हाईक नाही, तिथेही. मला कळायला थोडा वेळ लागला. हा भोंगा पावासाठी नव्हता.

"खिंडीत उतार हाय," ती म्हणाली. "तिथनं खाली आला की मग घोर न्हाय."

मी तिला समजावलं. माझं आयुष्य या समजावण्यात गेलंय, मला ते चांगलं जमतं. शाप लागत नाहीत. शब्दांनी कोणाचे हातपाय लुळे पडत नाहीत. एवढे लोक 'व्हय' म्हणाले तरी उतारावर ब्रेक लागायचे ते लागतात. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुज्या कागदात असंल तसं. पन मी व्हय बोलले हाय ना."

खिंडीतला भोंगा यायला हवा होता. आला नाही. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपायला लागली, तिने ती उलटली नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, वाटेत कोणी बोलायला थांबवलं असेल. म्हटलं, साखळी पडली असेल. कुत्रा आडवा गेला असेल. मोठ्याने यातलं काही बोलले नाही. उठले आणि दारात जाऊन उभी राहिले, अनवाणी, खिंडीकडे तोंड करून. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तिला माझा.

मग वरून, झाडांच्या आडून, भोंगा वाजला. एकदा. पुन्हा एकदा.

"आला," ती म्हणाली. आणि आत वळताना, माझ्याकडे न बघता, "जा, चा पी तुझा. निवला असंल."